माझ्या नावावरची झोप

मनगटावरचा पट्टा दुसऱ्याच दिवशी काढून मी बायकोच्या हातात बांधला, ही माझी चूक. तेव्हा मात्र ती मला हुशारी वाटली होती.

आमच्या वडीगोद्रीकडच्या भागात विहिरीवरच्या मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात निम्मं गाव गव्हाला पाणी द्यायला शिवारात. अशा जागरणानं माणसाच्या तब्येतीचं काय होतं, ते तपासायला एका मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आले. आम्हा दहा-बारा शेतकऱ्यांना त्यांनी घड्याळासारखे पट्टे दिले. माणूस कधी हलतो, कधी निपचित पडतो, एवढंच ते टिपायचे. सोबत एक वही, कधी झोपलो, कधी उठलो लिहायला. आठ दिवस पट्टा काढायचा नाही, असं बजावलं होतं.

पण चिखलात तो रबरी पट्टा बुळबुळीत झाला आणि खालून भिजल्या चपलेसारखा वास मारायला लागला. मला शिसारी आली. सातबारा माझ्या नावावर, मीटर माझ्या नावावर, तेव्हा पट्टा घरात कुणाच्याही हातात असला तरी झोप माझ्याच नावावर चढणार, असं माझं शास्त्र. "तुझ्याजवळ नीट राहील," म्हणालो. तिनं तो धुतला, पदराला पुसला आणि घातला. वही मात्र मीच लिहीत होतो, अगदी प्रामाणिकपणे.

आठ दिवसांनी आम्हाला पट्टे-वह्या घेऊन ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बोलावलं. तिथं कोण किती कमी झोपतो याची बढाई चालू होती. आमचे थोरले चुलतभाऊ मांडी ठोकून सांगत होते, "आपल्याला तीन घंटे बस्स. झोपा काढणं शहरातल्यायचं काम हाय." मीही मान डोलवली. दुपारी बारापर्यंत बाजेवर घोरणारा माणूस मी, पण डोलवली.

डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. लॅपटॉपकडे बघून म्हणाल्या, "काका, वहीत तुम्ही सकाळी सहा ते बारा झोपलेले आहात. पट्टा सांगतो, सहाला तुम्ही जागे आहात. आणि पहिला दिवस सोडला तर रोज सातच्या सुमाराला अर्धा तास तुमचा हात सारखा खालीवर होतोय. काय करता तेव्हा?"

माझ्याआधी थोरल्या भावांना सुचलं. "भाकरी थापून राह्यला असन गडी."

हॉल हसला. मीही हसलो, आणि हसता हसताच तोंड कडू झालं.

"पट्टा मंडळीच्या हातात होता," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. रात्री बायको माझ्यासोबत, कारण एकानं मोटारीपाशी थांबायचं, एकानं बॅटरी घेऊन वाफ्यात पाणी वळवायचं. पहाटे घरी आलो की मी बाजेवर आणि ती म्हशीखाली. मग भाकरी, मग कापूस वेचायला. झोप दिवसाकाठी जेमतेम अडीच-तीन तास, तीही तुकड्यातुकड्यांची.

"त्यांना चक्कर येते? बीपी कधी तपासलंय?"

चक्कर दिवाळीपासून येत होती. "लिंबूपाणी पी," असं मी तिला सांगितलं होतं आणि कूस बदलली होती.

"अशी झोप महिनोन्‌महिने मोडली की रक्तदाब चढतो, साखर बिघडते, हृदयावर ताण येतो," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव मी अभ्यासातून काढते. त्यांना आत्ता घेऊन या."

तिला शेतातून तशीच आणली. बाईंनी दंडाला पट्टी बांधून दोनदा मोजलं, मग थोडं थांबून तिसऱ्यांदा. तीन वेळा मोजलं तेव्हाच मी समजलो. त्या म्हणाल्या, "आज सापडलं ते बरं झालं. गोळी रोज घ्यायची. पण रात्री झोप नसेल तर नुसत्या गोळीनं भागणार नाही."

मी भिंतीला टेकून उभा होतो. डोळ्यापुढे मीच येत होतो: भर दुपारी तोंड उघडं, उशीवर लाळ, ओठावर माशी, आणि माझी झोप मोडू नये म्हणून बायको अंगणातली शेळी हाकलून राह्यलेली. पट्ट्याचा वास बरा म्हणावा, इतकी स्वतःची किळस आली. भरीत भर म्हणजे शेजारी थोरले भाऊ अजून हसत होते, आणि थोड्या वेळापूर्वी मीही त्यांच्यातच होतो.

बाहेर आल्यावर भावांना गाठलं. म्हणालो, आपण सावड करू. एक रात्र तुम्ही माझ्या वावरात, एक रात्र मी तुमच्या. तीन घंटेवाल्या माणसाला नाही म्हणता येईना.

घरी येऊन मी हे बायकोला जरा मिरवतच सांगितलं. "आजपासून रात्री तू यायचं न्हाई. बिनघोर झोपायचं."

तिनं गोळ्यांची पट्टी फडताळात ठेवली, अंथरूण टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "रातच्या पाण्याचं झालं तुमचं. पहाटं म्हशीचं दूधबी तुम्हीच काढा. न्हाई जमलं तर रेडकू सोडून द्या, पिऊन घील ते. पण मला उठवू नका."