कळल्यापासून सुतक

आमच्या घरात सहलीचं बजेट लोकांच्या मरणावर ठरतं, हे मी आधीच सांगून टाकते. नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. आमचे हे रामकुंडावर दहाव्याचे विधी करतात. माणूस गेला की दहाव्या दिवशी घरचे लोक गोदावरीवर येतात. हे पिंड मांडतात, मंत्र सांगतात, दक्षिणा घेतात. त्या दक्षिणेवर आमचा पंचवटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलीची शाळा, गॅस, किराणा, सगळं चालतं. लग्नामुंजीला यांना फारसं कुणी बोलवत नाही. बोलावलंच तर अक्षता टाका आणि निघा, असं तोंडानं कुणी म्हणत नाही, पण कळतं. मला आता त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. वाटतं.

मुलगी अकरा वर्षांची. घाटाखालच्या त्या मोठ्या थीम पार्कला जायचं म्हणून तिनं तीन वर्षं आमच्या डोक्याचा भुगा केला होता. वर्गातल्या निम्म्या पोरी जाऊन आलेल्या. त्यांचे फोटो, त्यांच्या गोष्टी, कोण कुठल्या पाळण्यात ओकलं, कोण घाबरून रडलं. ही बिचारी दुसऱ्यांच्या ओकण्याच्या गोष्टी सुद्धा हेव्यानं सांगायची. आम्ही दर वर्षी म्हणायचो, या मे महिन्यात नक्की. आणि दर मे महिन्यात काहीतरी निघायचंच. एकदा माझं ऑपरेशन, एकदा फ्लॅटची गळती.

तिथं मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. एका रेषेच्या वर डोकं गेलं की पूर्ण तिकीट. आणि आमची कन्या भोपळ्याच्या वेलासारखी वाढत होती. मी तिला दाराच्या चौकटीला टेकून उभी करायची आणि बघायची. पोर वाढतेय म्हणून आईला आनंद व्हायला हवा की नको? मला धडकी भरायची. पुढच्या वर्षी ही रेषेच्या वर जाणार, म्हणजे जायचं तर याच वर्षी.

मग आम्ही ठरवलं, दिवसातल्या शेवटच्या क्रियेची दक्षिणा स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकायची आणि त्याला हात लावायचा नाही. मी सगळा हिशोब मांडला. तिकिटं, गाडी, तिथले नायलॉनचे कपडे (साधे कपडे घालून पाण्यात सोडत नाहीत म्हणे), सामान ठेवायचं कपाट. खाण्याचा खर्च मी उडवूनच टाकला. घरून दशम्या आणि चटणी न्यायची, गाडीत बसून खायची आणि मग आत जायचं. मुक्कामही उडवला, पहाटे निघायचं आणि रात्री घरी. एवढं सगळं उडवल्यावर जे राहिलं ते सुद्धा आमच्या तोंडचं पाणी पळवणारं होतं.

उन्हाळ्यात रामकुंडाच्या घाटावर गर्दी असते. उन्हानं म्हातारी माणसं जातात. एका संध्याकाळी हे घरी आले, पाय धुतले, आणि मुलगी पळत आली. "बाबा, आज किती झाले?"

"सहा."

"भारी!" ती म्हणाली आणि टाळी वाजवली.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. "जिभेला काही हाड? कुणाचं तरी माणूस गेलंय ना?" हे मात्र शांतपणे म्हणाले, "तिला कशाला मारतेस? मी दारात आलो की तूही तेच विचारतेस. फक्त टाळी वाजवत नाहीस." मी भाजी फोडणीला टाकली.

आता काकांचं सांगायला हवं. यांचे वडील लहानपणीच गेले. काकांना मूलबाळ नाही. काकांनीच यांना सांभाळलं, मंत्र शिकवले, घाटावरची आपली जागा आणि आपले यजमान यांच्या हवाली केले, आणि म्हातारपणी काकूंच्या माहेरी, घोटीला जाऊन राहिले. तिथं काकूंच्या भाच्याची भाताची गिरणी आहे, तिच्या मागच्या दोन खोल्यांत. काकांनी सगळं दिलं आणि मागितलं एकच. मला अग्नी तू द्यायचास. जेवताना, झोपताना, बाजारात भेंडी निवडताना सुद्धा ते हे बोलायचे. "दुसऱ्या कुणाच्या हातचा नको बुवा मला." आम्ही हसायचो. हे म्हणायचे, "देईन हो, पण आधी मरा तरी." असं आमच्या घरात चालतं, धंदाच तो.

तिकिटं काढली आणि पाचव्या दिवशी काकूंचा फोन. काकांना नाशिकला दवाखान्यात आणलं होतं, फुफ्फुसं गेलेली. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या याचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हे घोटीला जाऊन येऊन करायला लागले. सहल आठवड्यावर आलेली. मग चार दिवसांवर. मग दोन.

मला जे वाटत होतं ते मी बोलून टाकते, देव मला काय शिक्षा करायची ती करो. मला वाटत होतं, इतकी वर्षं थांबलात, आणखी दोन दिवस थांबा. चुलता गेला म्हणजे आम्हाला दहा दिवसांचं सुतक. सुतकात फिरायला जायचं नाही, पाळण्यात बसायचं तर नाहीच नाही. घाटावरही जाता येत नाही, म्हणजे कमाईही बंद. आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, हे त्या तिकिटावरच लिहिलेलं. पुढच्या वर्षी मुलगी रेषेच्या वर. सगळ्या बाजूंनी अंगाशी येणार होतं.

सहलीच्या आदल्या दिवशी हे घोटीला जाऊन आले. काका बेशुद्धच होते, घशात घरघर. यांनी तोंडात गोदावरीचं पाणी घातलं, पाय चेपत बसले. काकू म्हणाल्या, "उद्या लवकर ये रे." हे म्हणाले, "उद्या एक लांबचं काम आहे, परवा येतो." सहलीचं सांगायला यांची जीभ रेटली नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, उद्या वाटेत फोन आला तर?"

हे धोतराच्या निऱ्या घालत होते. मान वर न करता म्हणाले, "सुतक मरणापासून नसतं. कळल्यापासून असतं."

हे वाक्य मी हजारदा ऐकलेलं. मुलगा परदेशात आहे, आठ दिवसांनी कळलं, त्याला दोष लागतो का, असं यजमान विचारायचे आणि हे त्यांना असंच सांगून धीर द्यायचे. खुद्द काकांनी शिकवलेलं शास्त्र. यांनी आपला फोन बंद केला, हात पुढे केला आणि माझाही फोन घेऊन बंद केला. मी दिला. आता कुणी म्हणेल, तू अडवायचं होतंस. का म्हणून? शास्त्र यांचं, काका यांचे, आणि पोर दोघांची. मला विचाराल तर अशीच वेळ पुन्हा आली तरी मी काय करीन ते मला माहीत नाही, आणि ज्यांच्या पोरांना मागितलं की मिळतं त्यांनी मला शिकवूही नये.

पहाटे निघालो. ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी. मुलगी पुढे बसून बडबडत होती, आधी कुठला पाळणा, मग कुठला. घोटीच्या टोलनाक्यावर गाडी थांबली. तिथून काकांचं घर पाच मिनिटांवर. यांनी खिडकीची काच वर केली आणि डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते. ओठ हलत होते. टोल भरला आणि गाडी पुढे गेली.

पार्कच्या गाडीतळावर दशम्या खाल्ल्या. मुलीच्या घशाखाली घास उतरेना, आनंदानं. आम्ही गेटपाशी रांगेत लागलो. आत संगीत वाजत होतं, कुठूनतरी वरून पोरांच्या किंचाळ्या येत होत्या. आमचा नंबर आला आणि गणवेशातला मुलगा म्हणाला, "तिकीट दाखवा, सर."

तिकीट फोनमध्ये.

मी यांना आठ दिवस आधी सांगितलं होतं, कागदावर प्रिंट काढून आणा. हे म्हणाले, फोनवर दिसतं की, कशाला खर्च. घ्या आता! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागची रांग खोळंबली. यांनी फोन हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि चालू केला.

तो चालू झाला आणि थरथरायलाच लागला. एकामागून एक, काकूंचे फोन येऊन गेलेले. आणि पहाटेचा भाच्याचा मेसेज. मी यांच्या खांद्यावरून वाचला. काका शुद्धीवर आलेत, बोलताहेत, तुम्हाला विचारताहेत, लगेच या.

मरणाची बातमी चुकवायला फोन बंद केला होता. जिवंत माणसाची हाक येईल हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. दहाव्यांचे हिशोब करणाऱ्या घरात ते येत नाही. आम्ही टोलनाक्यावर होतो तेव्हा काका बोलत होते.

यांनी रांगेतून बाहेर होऊन फोन लावला. भाच्यानं उचलला. मला पलीकडचं ऐकू येत होतं. "गेले हो दादा. सकाळीच. दोन तास आम्ही तुमची वाट बघितली. ऊन फार आहे, आता निघालोय."

"थांबा. मी येतो. मी देतो अग्नी. थांबा ना!" हे ओरडत होते. आजूबाजूचे लोक टोप्या घातलेल्या पोरांना घेऊन बाजूनं जात होते.

मग काकू फोनवर आल्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "घाई करू नकोस. भाचा देतोय अग्नी. तुला कळलं नव्हतं ना? मग तुला दोष नाही. तूच सांगतोस ना लोकांना." आणि फोन ठेवला. आम्ही सहलीला आलोय हे त्यांना कुणी सांगितलं असेल देव जाणे. मागचं संगीत ऐकू गेलं असेल.

आता कळलं होतं. कळल्यावर अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करायची असते. हे गाडीतळावरच्या नळाखाली जाऊन बसले आणि डोक्यावरून पाणी ओतून घेतलं, शर्टपँटसकट. लोकांना वाटलं आत पोचेपर्यंतही दम निघत नाही याला. दोघेतिघे हसले सुद्धा. मी त्यांच्या अंगावर धावून गेले असते, पण मुलीचा हात माझ्या हातात होता.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर सीट ओली झाली म्हणून कुरकुरत होता. घाट चढताना मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही आत गेल्यावर का नाही फोन केला? संध्याकाळी केला असता तर? कळलं नसतं ना." तिनं काही खोडसाळपणानं विचारलं नव्हतं. ती खरंच हिशोब करत होती. मला तिला धपाटा घालावासा वाटला आणि जवळही घ्यावंसं वाटलं, आणि मी दोन्ही केलं नाही.

घोटीला पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. यांनी काकूंच्या पायावर डोकं ठेवलं. काकूंनी पाय मागे घेतले नाहीत, आणि हातही ठेवला नाही.

अग्नी देणाऱ्यानंच दहा दिवसांचं करायचं असतं, म्हणून सगळं भाच्यानं केलं. दहाव्याला ते लोक रामकुंडावर आले. ज्या पायऱ्यांवर हे रोज पाट मांडतात तिथं हे डोकं भादरून एका कडेला उभे, पाहुण्यासारखे. दुसरे गुरुजी मंत्र सांगत होते. यांचे ओठ सवयीनं हलायचे आणि थांबायचे.

पिंड ठेवून झाला आणि सगळे मागे सरले. आता कावळ्याची वाट बघायची. माणसाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे होतो, हात जोडतो, बोलतो. तुमचं अमुक करू, तमुक सांभाळू, आमचं चुकलं असेल तर पदरात घ्या. तास तास लोक उभे असतात. हे यांनी इतरांकडून किती वेळा करून घेतलंय. त्या दिवशी हे सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. हात जोडलेले. आदल्या रात्रभर काहीतरी पुटपुटत होते, ते आता मोठ्यानं बोलायचं होतं. काकूंसमोर, सगळ्यांसमोर. तोंड उघडलं सुद्धा.

आणि कावळा आला. सगळे नीट मागे सरकलेही नव्हते. सरळ खाली उतरला, पिंडावर चोच मारली आणि घास घेऊन उडाला.

"सुटले," लोक म्हणाले. "काही मागं राहिलं नव्हतं त्यांचं." काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि भाच्याला म्हणाल्या, चल. मंडळी पायऱ्या चढायला लागली.

हे तिथंच उभे होते, हात जोडलेले तसेच. मी जवळ जाऊन दंडाला धरलं, "चला घरी." माझ्याकडे बघितलंही नाही. उष्ट्या पिंडाकडे बघत म्हणाले, "थोडं तरी थांबायचं होतं त्यानं."