सुजाताचं शुद्धलेखन

“बाई, तुमच्या शब्दाखातर तिला दुसरीत बसू दिलं. पण आता तिसरीत कसं घेऊ? तोंडी परीक्षेत पोरगी एक शब्द बोलली न्हाई.”

मोठे गुरुजी निकालपत्रकावर सह्या करायचं थांबवून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याच शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळत होते. आणि ‘पोरगी’ म्हणजे माझी मुलगी, सुजाता.

“गुरुजी, तिला प्रश्न ऐकूच गेले नाहीत.”

“तेच तर म्हणून राह्यलो. पुण्याकडं अशा लेकरांची शाळा आहे. राहायची-जेवायची सोय तिथंच. तिकडं घाला. इथं नुसती बसून काय करील ती?”

“उन्हाळा मला द्या,” मी म्हणाले. “मी घरी शिकवते. शाळा उघडायच्या आधी तुम्ही स्वतः तिला शुद्धलेखन घाला. तुम्ही बोलायचं, तिनं लिहायचं. जमलं तर तिसरीत घ्या.”

“अन् न्हाई जमलं तर?”

“तर पुण्याला नेऊन घालते.”

बोलून बसले. 

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जोडलेल्या एका लहान खेड्यात माझी नेमणूक होती. जालना तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता. मोठा दवाखाना म्हणजे औरंगाबाद. आदल्या पावसाळ्यात सुजाताला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, लेकरू उठून बसलं, आणि मला म्हणायला लागलं, “आई, मोठ्यानं बोल ना!” मी आणखी मोठ्यानं बोलले. ती तेच म्हणत राहिली.

औरंगाबादच्या कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावून बघितलं, काही उपयोग झाला नाही. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, “ऐकणं परत येणार नाही. आता तिचं बोलणं जपा.” मला कळेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. माणूस स्वतःचं बोलणं ऐकतो म्हणून ते नीट राहतं. ऐकू येईनासं झालं की मुलं हळूहळू बोलायचं सोडतात, शब्द झिजतात. म्हणून तिला बोलतं ठेवायचं, आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला शिकवायचं. याला ओठवाचन म्हणतात.

सांगायला सोपं होतं. पण सुजाताचा आवाज आता चढा आणि सपाट झाला होता. गल्लीतली पोरं तिची नक्कल करायची. तिला ऐकू येत नव्हतं, पण हसणं दिसत होतंच. तिनं बोलणंच टाकलं. पाणी पाहिजे तर माठाकडे बोट. भूक लागली तर पोटावर हात.

तिचे वडील जालना शहरात, नवीन जालना भागात, एका आडत दुकानात कारकून होते. शनिवारी यायचे, सोमवारी सकाळी परत. गुरुजींचं बोलणं मी त्यांना सांगितलं.

“पुण्याची शाळा काही वाईट न्हाई,” ते म्हणाले. “तिथं तिच्यासारखीच लेकरं असतील. कोणी हसणार न्हाई. अन् तुझे हाल किती? शाळा तूच, पाणी तूच, हिचं शिकवणं तूच.”

“सात वर्षांची आहे ती. कोणाशी काही बोलत नाही. तिथं आपली आठवण आली तर कोणाला सांगेल?”

सुजाता उंबऱ्यात बसून एकदा त्यांच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. आपल्याबद्दल चाललंय एवढं मात्र कळत होतं.

सुट्टी लागली आणि मी घरात शाळा मांडली. अक्षरशः मांडली. सतरंजी अंथरली, पाटी-पेन्सिल ठेवली, भिंतीला फळा टेकवला. सकाळी विहिरीचं पाणी भरून झालं, भाकरी झाल्या की अकरापर्यंत अभ्यास. मी समोर बसायची, एकेक शब्द सावकाश, ओठ ताणून बोलायची. तिनं तो लिहायचा. दोन-तीन दिवस ती बसली. मग मी सतरंजी काढली की ती बाजेखाली जाऊन बसू लागली. ओढून काढलं तर रडायची, तेही आवाज न करता. शिक्षिका म्हणून मी इतकी मुलं रडताना बघितली होती, पण असं रडणं मी बघितलं नव्हतं.

त्यातच माठाचा प्रकार झाला. दुपारी जेवायला बसायचं होतं. मी तिच्याकडे बघून म्हणाले, “पाट आण.” ती आत गेली, आणि जरा वेळानं पिण्याच्या पाण्याचा छोटा माठ दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाहेर आली. निम्मं पाणी तिच्या फ्रॉकवर, निम्मं जमिनीवर. विहिरीनं तळ गाठला होता, एकेक घागर भरायला तास लागायचा. माझा हात उठला होता. पण तिचा चेहरा बघितला. सांगितलेलं काम केलं म्हणून ती खूश होती.

मी तिला जेवायला घातलं आणि भिंतीवरच्या आरशासमोर जाऊन उभी राहिले. आवाज न काढता म्हणाले, ‘पाट’. मग म्हणाले, ‘माठ’. ओठ सारखेच मिटले, सारखेच उघडले. मग ‘बाबा’, ‘मामा’. एकच. प, ब आणि म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. पोरगी चुकलेली नव्हती.

त्या दिवशी मला दोन गोष्टी समजल्या. एक, सुटा शब्द ओठांवरून ओळखता येत नाही. वाक्य लागतं, प्रसंग लागतो. ‘बसायला पाट आण’ म्हटलं असतं तर तिनं माठ आणला नसता. निम्मं ओठांवरून कळतं, निम्मं अंदाजानं भरायचं असतं. आणि दुसरी गोष्ट, सतरंजीवर बसून प्रसंग घडत नाहीत. ते घरात कामं चालू असताना घडतात.

मी फळा उचलून ठेवला.

मग सगळं घरच शाळा झालं. पीठ मळताना मी तिला समोर बसवायची. “परातीत पाणी घाल. थोडंच. आता मीठ.” विहिरीवर “दोर सोड,” “घागर धर.” कैऱ्या उकडून पन्हं करताना “गूळ किती घालू?” ती बोटं दाखवायची. मी कळलंच नाही असं करायची. गूळ हातात धरून उभी राहायची. एके दिवशी दोनदा-तीनदा तिनं बोटं नाचवली, पाय आपटला. शेवटी चिडून म्हणाली, “खूप!”

कित्येक महिन्यांनी आलेला शब्द. त्या दिवशीचं पन्हं इतकं गोड झालं की आमच्यानं संपेना.

आवाज नीट करायला कापूस घेतला. शेतातला कापूस आमच्याकडे घरोघरी. त्याचा एवढासा पुंजका तिच्या तळहातावर ठेवायचा आणि तोंडासमोर धरायचा. ‘प’ म्हटलं की पुंजका हलतो, ‘फ’ म्हटलं की उडून जातो. ‘ब’ म्हणताना तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवायची, तिथं थरथर लागते. ‘म’ला नाकावर, तिथं गुणगुण लागते. हे काही मी कुठं वाचलेलं नव्हतं. डॉक्टरांनी थोडं दाखवलं होतं, बाकी आम्ही दोघींनी करून बघितलं. कापूस उडवायचा खेळ तिला इतका आवडला, की दुपारी मला डुलकी लागली तर पुंजका माझ्या नाकावर ठेवून ती ‘फ’ म्हणायची.

मग नवीच अडचण. तिला फक्त माझे ओठ कळायला लागले. तिचे बाबा शनिवारी आले, काही बोलले, की ती माझ्याकडे बघायची. प्रत्येकाचं तोंड वेगळं हलतं. परीक्षा तर मोठे गुरुजी घेणार होते.

शेजारच्या गयाबाईंकडे गेले. त्या मोलमजुरीला जायच्या, उन्हाळ्यात कामं कमी म्हणून घरी असायच्या. भरभर बोलायच्या, पुढचे दोन दात पडलेले.

“गयाबाई, माझ्या कुरडया करायच्यात. येता का मदतीला? पण एक अट आहे. बोलायचं ते सुजाताकडं तोंड करून.”

“आन् तिला कळंल व्हय माझं?”

“कळेस्तोवर बोलायचं.”

“आता गं माय! मंग कुरडया कवा व्हायच्या?”

पण आल्या. भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजत होता. गयाबाई सोऱ्या धुता धुता सुजातासमोर उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, “चीक खाती का, साखर घालून?” सुजाता बघत राहिली. गयाबाईंनी पुन्हा विचारलं. आणखी एकदा विचारलं. चौथ्यांदा सुजाता म्हणाली, “साखर न्हाई, गूळ.”

गयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “बोलली वो बाई! माझ्यासंग बोलली!” म्हणून त्यांनी तिला जवळ ओढलं, आणि चिकाचे हात तिच्या केसांना लागले. त्या दिवशी कुरडया थोड्याच झाल्या, केस धुवायलाच जास्त वेळ गेला. पण दुसऱ्या दिवसापासून गयाबाई रोज एक फेरी मारायच्या. कधी गल्लीतली आणखी एखादी बाई घेऊन यायच्या. “हिच्यासंग बोल, पण तोंड झाकू नगं,” असं तिला दारातच बजावायच्या.

अंधार पडला की मात्र शिकवणं बंद. ओठ दिसले नाहीत तर तिच्यासाठी कोणीच बोलत नसे. अंगणात बाजेवर ती माझ्या कुशीत यायची आणि हात पुढं करायची. मी तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायची. ती तोंडानं वाचून दाखवायची. आता आवाज बराच खाली आला होता.

जून उजाडला. गुरुजींनी शाळेत बोलावलं. तिचे बाबाही रजा काढून आले होते. मला गुरुजींनी मागच्या बाकावर बसवलं. “मधी बोलायचं न्हाई, बाई.” सुजाता पाटी घेऊन पुढं.

गुरुजी बोलले. सुजातानं पेन्सिल टेकवली नाही.

ते पुन्हा बोलले. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, पण पेन्सिल हलेना. मला कारण दिसत नव्हतं. तिचे बाबा मान खाली घालून बसले.

गुरुजींनी सुस्कारा सोडला. माझ्याकडे वळणार, तेवढ्यात सुजाता उठून उभी राहिली. घाबरलेली होती, त्यामुळं आवाज पुन्हा चढा लागला.

“गुरुजी, तुमची मिशी! मिशीमुळं ओठ दिसत न्हाईत!”

गुरुजींची मिशी झुपकेदार, खालच्या ओठापर्यंत आलेली. मी त्यांना रोज बघत होते, पण मी त्यांना कानांनी ऐकत होते. मला ती आड येत नव्हती.

गुरुजींच्या मिशीबद्दल गावात कोणी बोलत नसे. त्यांनी मिशीवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मिशी वर उचलून धरली आणि म्हणाले, “आता दिसतात का?”

“हो.”

“मंग लिही.”

मिशी धरूनच त्यांनी शुद्धलेखन घातलं. ‘गाय रानात चरते.’ ‘आईने भाकरी केली.’ सुजाता भराभर लिहीत गेली. संपल्यावर त्यांनी पाटी घेतली. सगळं वाचलं आणि एका ओळीवर थांबले.

“मी सांगितलं, ‘मामा गावाला गेले.’ हिनं लिहिलं, ‘बाबा गावाला गेले.’”

आता मला राहवेना. “गुरुजी, आवाज न काढता दोन्ही शब्द म्हणून बघा. ओठ एकच होतात. बाकीचं तिला अंदाजानं भरावं लागतं. तिचे बाबा दर सोमवारी गावाला जातात. म्हणून तिनं बाबा लिहिलं.”

गुरुजींनी ओठ हलवून बघितले. मामा. बाबा. मग तिच्या बाबांकडे बघितलं. ते उठून खिडकीपाशी गेले होते आणि बाहेर बघत होते.

“बराबर आहे,” गुरुजी म्हणाले. “ही चूक धरता येत न्हाई.”

सुजाता तिसरीत बसली, पहिल्या ओळीत, उजेडाच्या बाजूला. पुण्याचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. मुलं हसली नाहीत असं नाही, पण ती उलट बोलायला लागल्यावर हसण्यात फारशी मजा राहिली नाही. पुढं ती मॅट्रिक झाली, तेही गावातल्या मुलांबरोबरच.

मोठ्या गुरुजींनी मिशी काही काढली नाही. पण हजेरी घेताना सुजाताच्या नावाशी आले की ते दोन बोटांनी ती वर धरायचे, नाव घ्यायचे आणि ‘हजर’ आलं की सोडायचे.

मी निवृत्त होईपर्यंत पहिलीच शिकवली. त्या उन्हाळ्यानंतर फळ्याकडे तोंड करून एक अक्षरही बोलले नाही. लिहायचं तेव्हा लिहायचं, बोलायचं तेव्हा मुलांकडे वळून बोलायचं. ऐकू येणाऱ्या मुलांनाही त्यानं जास्त समजतं, असा माझा अनुभव आहे.