झांज नाय, जॅझ

बंगल्यावर कामाला लागले तवा माझी पोरगी नऊ महिन्यांची होती, तिला कडेवर घेऊनच जायचे. शेणवे गावाच्या पुढं तो बंगला, तिथं एक म्हातारी बाई एकटीच राहायची. कपाटावर काळी लांबडी पेटी होती, मी पयल्याच दिवशी विचारलं, यात काय हाय, तर बाई बोलली, "व्हायोलिन. मी मुंबईच्या हॉटेलात जॅझ वाजवायचे." मला ऐकू आलं झांज. घरी जाऊन मी तसंच सांगितलं, का बाई मुंबईच्या हाटेलात झांज वाजवायची. सासू भाकऱ्या थापत होती, ती बोलली, "झांज वाजवून बंगला होतो? मंग आमच्या भजनातल्या म्हाताऱ्यांच्या माड्या कुठं गेल्या गो?" नवरा पण हसला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलंच, "बाई, तुमच्या झांजा कुठं ठेवल्यात?" तिच्या कानात मशीन होतं, तिला दोनदा सांगावं लागलं, आन समजलं तशी ती एवढी हसली का मशीन शिट्टी मारायला लागलं.

"अगं, जॅझ! कागदावर गाणं लिहिलेलं असतं, ते थोडं वाजवायचं आणि मग कागद सोडून द्यायचा. मनात येईल तसं, तिथल्या तिथं."

"आन चुकलं तर?"

"तर तिथूनच पुढची वाट काढायची."

मी सातवीपर्यंत शाळेत गेलेली, आमाला चुकलं का छडी बसायची, मला हे नवीनच.

मंग तांदूळ निवडता निवडता मी रोज विचारायचे. बाईपण सांगायची. बँडमधी सगळे बापये, ही एकटी बाई, ती पार मागं. जॅझला व्हायोलिन कशाला, असंच सगळे बोलायचे, पितळी तुतारीपुढं तिचं ऐकू पण जायचं नाय. एक दिवस तो तुतारीवाला आलाच नाय, गाणं चालू झालं, त्याची एकट्यानं वाजवायची जागा आली, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतायत, आन ही उठली, वाजवायला लागली. आधी कोण बाई अशी उभी रायली नव्हती. लोक जेवायचे थांबले. दुसऱ्या दिवशी हाटेलचा साहेब बोलला, कालचंच वाजव, तर ही बोलली, कालचं आता कुठून आणू? तिथून पुढं ती वर्सानुवर्सं पुढंच उभी रायली, तिचं बघून आणखी पोरी शिकायला आल्या. मंग बोटं आखडली, कान गेले, आन ती इकडं आली राहायला.

मी विचारत राहायचे म्हंजे मला माझं आठवायला नको. पोरगी हाक मारली तर बघायची नाय. कानाजवळ कुत्रं भुंकलं तरी झोपलेली. पण ताट पडलं का दचकायची, म्हणून मी रोज एकदा ताट पाडायचे, मुद्दाम, ती दचकली का माझा जीव भांड्यात पडायचा. नवऱ्याला सांगितलं नाय. सासू आपलीच बोलायची, "तुझ्या नवऱ्याला पण चार वर्सं बोलता येत नव्हतं, आता गप बसतो काय?"

एक दिवस बाईनं पेटी काढायला लावली. कानातलं मशीन काढायला लागली, मी बोलले आता तुमाला ऐकू कसं यायचं, तर ती बोलली, "हनुवटीला ऐकू येतं." मशीन बाजूला ठेवलं, हनुवटी लाकडावर दाबली आन वाजवायला लागली. पोरगी रांगत गेली, बाईच्या गुडघ्याला धरून उभी रायली. बाईनं वाजवता वाजवता व्हायोलिन खाली केलं, तसा पोरीनं लाकडावर हात ठेवला. आन थांबलीच. तोंड उघडं, लाळ गळतेय, मंग खिदळायला लागली.

मी ओरडले, "ऐकू येतंय तिला! बाई, ऐकू येतंय!"

बाईनं व्हायोलिन काढून घेतलं, पोरीच्या पाठीमागं गेली, आन जोरात वाजवलं, माझेच कान दुखले. पोरगी चटईची काडी ओढत बसली.

मशीन परत कानात घालून बाई बोलली, "तिच्या हाताला कळतंय बाळा. कानाला नाही."

"ताट पडलं का दचकते ती!"

"फरशी हलते ना. मलापण आता तसंच कळतं."

"तुमाला मशीन हाय म्हणून सगळ्यांनाच लावता काय?" मी बोलले, पोरीला उचललं, चपला हातात घेतल्या आन निघाले.

दोन दिवस मी कामाला गेले नाय. ताट पण पाडलं नाय. तिसऱ्या दिवशी गेले, दारातच उभी रायले आन विचारलं, "तुमी त्या दिवशी बँडमधी उठल्या तवा घाबरल्या नाय?"

"घाबरले होते. पण बसून राहिले असते तर गाणं तसंच पुढं गेलं असतं, माझ्याशिवाय." मंग बोलली, "ती लहान आहे. आत्ताच डॉक्टरकडे जा."

त्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो बोलला, एवढे दिवस एकटीच घेऊन बसलीस? आमी कल्याणला मोठ्या हॉस्पिटलात गेलो. पोरीला झोपवून कान तपासायला डोक्याला वायरी लावल्या, मी तिचे पाय धरून बसले. डॉक्टरीण बोलली, दोन्ही कानांना फारच कमी ऐकू येतं, आधी मशीन लावून बघू, नाय जमलं तर ऑपरेशन, पण लवकर आलात. मला बाकी काय समजलं नाय, लवकर आलात एवढंच डोक्यात रायलं.

घरी येऊन सासूच्या तोंडावर सगळं सांगितलं, व्हायोलिनला हात लावून पोरगी खिदळली ते पण. ती उठून बाहेर गेली. मला वाटलं आता आळीत सांगत फिरते. तर ती आली देवळातून, हातात झांज. पोरीसमोर बसली, एकदा वाजवली, पोरीनं बघितलं पण नाय. परत वाजवली आन थरथरती कड हळूच तिच्या गालाला लावली. पोरगी खिदळली, दोन्ही हातांनी झांज धरली आन तोंडात घालायला निघाली.

सासू डोळे पुसत मला बोलली, "उद्या सांग तुझ्या बाईला. आमच्याकडं झांजच हाय."