वाक्य आण

भोये सरांना नुसत्या शब्दाचा अर्थ विचारला की ते कान खाजवत नाकातून म्हणायचे, "वाक्य आण." जव्हारच्या शाळेत मी त्यांचा आवाज काढायचो. एकदा माझ्या "बसा रे"वर अख्खा वर्ग बसला, आणि सर दारात! म्हणाले, "नाकात अजून थोडं घे."

"नुसता शब्द विचारणारा म्हणजे गाव न सांगता एसटीचं तिकीट मागणारा," असं ते म्हणायचे. इंग्रजीचे मास्तर, पण राहायचे आमच्याच पाड्यावर, खोडाळ्याच्या वर.

एकदा वारली चित्रं घ्यायला स्पेनचं एक जोडपं पाड्यावर आलं. त्यांच्या भाषांतर करणाऱ्या फोनने मराठीत सांगितलं, "तुमच्यासाठी काहीतरी करायचंय." आम्हाला हवं होतं एकच. उन्हाळ्यात आटणारा झिरा, म्हणजे आमचा पाण्याचा झरा, बांधून हवा होता. आमचे पुढारी पांडूशेठ. पाहुण्यांसमोर मराठी बोललं की त्यांची इज्जत जाते. त्यांनी फोनला झऱ्याचं इंग्रजी सांगितलं, "स्प्रिंग!" फोन त्यांच्याहून हुशार. त्याने स्पॅनिशमध्ये वसंत ऋतू मागितला. जोडप्यातल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोभर फुलझाडं आणली. माणसांना प्यायला पाणी नाही, आता गुलाबालाही पाजा!

पांडूशेठ धावत सरांकडे. "मास्तर, स्प्रिंगला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?"

"कुठली? गादीतली, ऋतूतली, की जमिनीतली? वाक्य आण."

"अहो, पाहुणे दुपारी निघतायत! आणि तुमची शाळा चालूच!"

"मग वाक्यापर्यंत चालत जाऊ," म्हणत सर उठले. पाहुण्यांकडे जाऊन बाईंच्या हातात रिकामा हंडा दिला आणि त्यांना घेऊन उतरणीला लागले. पांडूशेठ मागून धापा टाकत.

झिऱ्यात काशीमावशी वाटीने गढूळ पाणी भरत होती. बाईंनी तिच्या हातातली वाटी घेतली. वाट्यांवर वाट्या ओतल्या, हंडा काही भरेना. शेवटी तळाच्या पाण्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "मानान्तियाल."

"हं," सर म्हणाले. "झालं वाक्य."

परतताना मी विचारलं, "सर, तुम्हाला हा शब्द येत होता?"

"छे रे! स्पॅनिशचं एक अक्षर येत नाही. पांडूला सांगू नको."

पुढच्या उन्हाळ्याआधी पाहुण्यांच्या पैशातून झिरा बांधून झाला.

सर यंदा गेले. तेराव्याला सगळे म्हणाले, त्यांचा आवाज काढ. मी नाक धरलं, कान खाजवला. तेवढ्यात बाहेरून काशीमावशी सुनेला ओरडली, "बाय, मानंतीवर जा नि हंडा भरून आण!"

घ्या सर. आणलं.