शनिवारची खुर्ची

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. शाळेच्या खिचडीत मीठ जास्त पडलं होतं, म्हणून खिचडी शिजवणाऱ्या शेवंताताई आणि मी घाईघाईने बटाटे चिरून त्यात टाकत होतो. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, मी सुवर्णी! ऑर्डर निघाली! आपला पोलादपूर तालुकाच मिळाला!"

"कसली ऑर्डर गं?"

"असं काय करता बाई? ढोरांच्या डॉक्टरची!"

मी ओरडलेच असणार, कारण पहिलीची सगळी पोरं ताटं घेऊन धावत आली. त्यांना वाटलं, खिचडी झाली!

पोलादपुरातल्या कापडे गावाच्या बाजूला, दोन शिक्षकी शाळेत आयुष्य गेलं की किस्से साठतातच. खडूचे तुकडे डब्यात साठतात तसे. वापरता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. दोन शिक्षक म्हणजे आमचे गुरुजी आणि मी. घरी नवराबायको, शाळेत गुरुजी आणि बाई.

गुरुजींचा एक नियम होता. मोठेपणी कोण होणार, हे ते प्रत्येक पोराला विचारत. पण नुसतं उत्तर देऊन सुटका नव्हती. शनिवारी त्या पोराने गुरुजींच्या खुर्चीत बसायचं आणि ते काम करून दाखवायचं. बाकीच्यांनी आपापली गाऱ्हाणी घेऊन त्याच्यासमोर रांग लावायची.

*

सम्याला महाडला एमआयडीसीत साहेब व्हायचं होतं. त्याचे वडील तिथेच शिफ्टला जात. खुर्चीत बसल्याबरोबर सम्याने टेबलावर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले.

गुरुजी म्हणाले, "अहो साहेब, माणसं खोळंबलीत."

"गुरुजी, नाइट मारून आलोय!"

"नाइट कामगार करतात रे. साहेब दिवसा येतो."

सम्या ताडकन उठला. "मंग मला साहेब नाय व्हायचं. दिवसा झोपायला मिळत नाय तर काय फायदा?"

*

गण्या रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीचा. आमच्या गावी मामाकडे शिकायला राहिला होता. तो गडावर गाइड होणार होता. त्याच्या शनिवारी गुरुजी स्वतः पर्यटक झाले. डोक्याला रुमाल वगैरे बांधून!

गण्याने वर्गाचं दार दाखवत जोरात सुरुवात केली. "हा पाहा महादरवाजा!"

गुरुजींनी विचारलं, "उंची किती हो याची?"

गण्या क्षणभर अडला. मग शांतपणे म्हणाला, "साहेब, आधी जेवणाची ऑर्डर सांगा. पिठलं-भाकरी की चिकन? उंची काय, उतरताना सांगतो. दरवाजा कुठं जात नाय!"

*

चौथीतल्या मनीषाचं उत्तर मात्र गुरुजींनी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"मी मुंबईची पाहुणी होणार."

"हे काय काम झालं का गो?" पोरं हसली.

शनिवारी ती आईचा काळा गॉगल लावून आली. खुर्चीत बसली आणि वहीने वारा घेत म्हणाली, "शी! किती गरम होतंय यार! आणि इथं नेटवर्क पण नाय!" मग तिने दोन पोरांना पाणी आणायला पिटाळलं, एकाला फणस फोडायला सांगितला आणि एकीला विचारलं, "तू कोणाची गो? केवढी मोठी झालीस!"

गुरुजी हसून हसून पायरीवर बसले. मला म्हणाले, "बाई, हिला नोकरीची गरजच नाही!"

*

आता सुवर्णी. ती वरच्या धनगरवाडीतून डोंगर उतरून शाळेत यायची. तिसरीत असताना तिने सांगितलं, "ढोरांची डॉक्टर होणार."

सम्या म्हणाला, "माणसांची का नाय?"

"माणसं खोटं सांगतात. ढोरं नाय सांगत."

शनिवारी तिने पेशंट म्हणून खरीखुरी शेळी आणली! शेळीने आल्या आल्या दारावरचं तोरण खायला सुरुवात केली.

"डॉक्टर, पेशंटला आवरा!" गुरुजी ओरडले.

"खाऊ द्या गुरुजी! भूक लागली म्हंजे बरी होतेय!"

त्या दिवशी सगळे हसले, पण पुढचं सोपं नव्हतं. सातवी झाल्यावर तिचा बाप कोंडिबा म्हणाला, "बस झाली शाळा. आमचा जन्म ढोरांत गेला. त्यांना हात लावायला पुस्तक कशाला?" तिच्यासाठी स्थळही बघून ठेवलं होतं.

गुरुजी वाडीवर गेले. वाद घातला नाही. दूध प्यायले आणि म्हणाले, "कोंडिबा, एकच वर्ष द्या."

पुढच्या जूनमध्ये पुन्हा गेले. "कोंडिबा, एकच वर्ष!" दहावी झाली, बारावी झाली, पोर पशुवैद्यकीला घाटावर गेली, तरी गुरुजींचं दर जूनला डोंगर चढून एक वर्ष मागून आणणं चालूच. कोंडिबा दरवेळी कुरकुरायचा आणि दरवेळी द्यायचा.

तिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, तेव्हा वैशाखात गुरुजी गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी कोंडिबा दारात उभा. खांद्यावर घोंगडी, हातात तुपाचा डबा. बराच वेळ आत आला नाही.

मग म्हणाला, "बाई, यंदा मागायला कोण आलं नाय. म्हणून मीच द्यायला आलो. घ्या एक वर्ष."

*

सुवर्णी रुजू झाली. पहिल्या सुट्टीला घरी येणार म्हणून मीही पेढे घेऊन वाडीवर चढले. वर पोहोचते तर अंगणात गलका! कोंडिबाची म्हैस अडली होती. रेडकू आडवं आलं होतं. सुवर्णी नुकतीच घरी पोहोचली होती, अजून पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

कोंडिबाने सगळ्या वाडीदेखत हाक मारली, "डॉक्टर म्याडम! लवकर या!"

माणसं बाजूला सरली आणि तिला वाट करून दिली.

सुवर्णी बाह्या वर सारत म्हणाली, "येते. पण केस पेपर कुणाच्या नावावर काढायचा?"

"कोंडिबा," तो म्हणाला. मग मान ताठ करून, "डॉक्टरचा बाप, असं लिव!"

सगळे गोठ्याच्या दाराशी जमले. आत सुवर्णी कोपरापर्यंत हात घालून रेडकाला फिरवत होती आणि कोंडिबा म्हशीच्या कपाळावर हात ठेवून उभा होता. शेवटी ओलं, काळं रेडकू पेंढ्यावर घसरलं आणि फुरफुरलं. बाया ओरडल्या, पोरांनी पत्रे बडवले. कोंडिबा पेढे वाटायला लागला. माझेच पेढे, पण वाटले त्याने!

हात धुऊन सुवर्णी माझ्याजवळ येऊन बसली.

"बाई, मी एकदा गुरुजींना विचारलं होतं. म्हटलं, सगळ्यांना विचारता, मग आमच्या बाईंना मोठेपणी कोण व्हायचं होतं?"

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, 'लग्न झाल्यापासून विचारतोय, अजून पत्ता लागू देत नाही. तुला सांगितलं तर मला कळव.'" ती हसली. "सांगा ना बाई. काय होतं?"

रेडकू पहिल्यांदा पायांवर उभं राहत होतं. सगळे तिकडे धावले, तीही धावली.

गुरुजींना ते सांगायचं राहून गेलं.