कच्च्या दोऱ्याची माळ

माळ गळ्यातून काढायची की काम सोडायचं, या पेचात मी बरेच दिवस होतो. तेलगावच्या रस्त्याला प्लास्टिकच्या दोऱ्यांचा कारखाना आहे, तिथं मी मशीनवर असतो. पूर्वी आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जायचो. हे काम लागलं आणि घर एका जागी राहिलं. मशीनमध्ये प्लास्टिकचा दाणा वितळतो, बारीक भोकांतून धागे होऊन पडतो, पाण्यात गार होतो आणि पुढं दोन रूळ त्याला ओढून घेतात. त्या रुळांजवळ गळ्यात काही नको, असा मॅनेजरसाहेबांचा नियम. पण ही तुळशीची माळ वडिलांनी स्वतःच्या हातानं घातलेली. मी ती शर्टात कोंबायचो आणि मनाशी म्हणायचो, ज्याची माळ तो बघून घेईल.

त्यावर शहाणपण असं, की सुती दोरा सारखा तुटतो म्हणून मणी आमच्याच कारखान्याच्या धाग्यात ओवले होते. बैल बांधला तरी तुटणार नाही, असं मी बायकोला कौतुकानं दाखवलंही होतं.

त्या दुपारी रुळावर धाग्यांचा गुंता झाला. मशीन थांबवलं की आतला माल थिजतो आणि सगळाच खोळंबा होतो. म्हणून मी चालू मशीनवरच रुळांची जाळी उघडून वाकलो. माळ बाहेर कधी लोंबली, कळलं नाही. हिसका बसला आणि गाल रुळाकडे ओढला गेला. धागा काही तुटेना. पांडुरंगाचं नावसुद्धा सुचलं नाही, फक्त बायकोचा चेहरा दिसला.

तेवढ्यात लाईट गेली.

एरवी लाईट गेली की आम्ही बोटं मोडतो. मशीन थांबलं खरं, पण मी अडकलेलाच होतो. सोबतचा गडी मला न बघताच मागं जनरेटर चालू करायला पळाला. आमचं मशीन जुनं, वीज आली की आपोआप फिरणारं. बंद करायचं लाल बटण हाताला लागत नव्हतं आणि गळा आवळल्यानं हाकही फुटत नव्हती.

दारात एक शेळ्या राखणारी बाई उभी राहिली. टाकाऊ दोऱ्या मागायला आली होती. आवाजाला भिऊन बाहेरच थांबली होती, शांत झालं तशी आत आली. मी बोट दाखवून कसाबसा म्हणालो, "लाल... दाब." तिनं तळव्यानं बटण दाबलं. मागं जनरेटर धडधडला, दिवे लागले. रूळ जागचे हलले नाहीत.

मग तिनं कमरेचा विळा काढला. मी कळवळलो, "माळ नको तोडू, माय!"

"कावून? तुळस माज्या दारात बी हाय, दादा. छाटली की लई फुटती. मान फुटती व्हय परत?"

"तुझ्या हवाली" असं मी देवाला रोज म्हणत होतो, पण हातातलं काही कधी सोडलं नव्हतं. डोळे मिटून म्हणालो, "तोड." मणी पाण्यात टपटप पडले आणि मी पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी दोऱ्यांचा भारा घेऊन तिच्या वाटेवर थांबलो. पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "सरका बाजूला, शेळ्या कपाशीत घुसत्याल."

देव लाईट घेऊन गेला की विळा घेऊन आला, हे मी कुणाला पटवत बसत नाही. त्याच्यावर भार टाकायचा म्हणजे रुळांची जाळी उघडी टाकायची नव्हे, एवढं मात्र कळलं. आता कामावर आलो की माळ खिळ्याला अडकवतो, जाळी लावतो, मग मशीन चालू करतो. गुंता झाला तर आधी लाल बटण. माल थिजला तर थिजू दे.

मणी पुन्हा कच्च्या सुती दोऱ्यात ओवलेत. परवा अंघोळीच्या वेळी माळ तुटली. बायको कुरकुरत अंगणभर मणी वेचत होती. मी आधी मान चाचपली, आणि मग हात जोडले.