चार मोटारींचा तोल

महाडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, विहिरीवरचे पंप, एवढंच माझं काम. गेल्या उन्हाळ्यात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एक ताई ड्रोन घेऊन आल्या. तुटलेली पाती काढून त्यांनी नवी बसवली होती, पण उडवायला गेलं की ड्रोन जागीच कलंडायचा.

"काका, मोटार गेली असेल. बघता का?"

असलं यंत्र मी कधी हातात घेतलं नव्हतं, तरी ठेवून घेतलं. पाती उतरवून चारही मोटारी फिरवल्या. ठणठणीत होत्या. दोन उजवीकडे फिरत होत्या, दोन डावीकडे. असं का, हे मला लगेच उमगलं. सुटी मोटार हातात धरून चालू केली की ती उलट्या बाजूला हिसका देते. माझ्या मनगटाला ते रोजचं आहे. इथे दोघींचा हिसका दुसऱ्या दोघी मोडून काढत होत्या, नाहीतर ड्रोन भोवऱ्यासारखा गरगरला असता. पात्यांचा पीळही दोन तऱ्हांचा होता. ताईंकडून त्यांतल्या दोन पात्यांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे ती हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर ढकलत होती. बदलून दिली आणि ड्रोन सरळ वर गेला.

माझे प्रश्न संपेनात, म्हणून ताई म्हणाल्या, "रविवारी कुडपणला चला. एका शेतकऱ्याने बोलावलंय."

त्या शेतकऱ्याच्या वाडीला डोंगरातल्या झऱ्यावरून पाइपने पाणी येतं. ते तीन दिवस बंद होतं.

"पायप कुठंतरी फुटलाय," तो म्हणाला. "रान धुंडून झालं, पण सापडत नाय."

ड्रोन वर गेला. वारा बराच होता. ड्रोन वाऱ्याच्या अंगाला कललेला, तरी जागचा हलत नव्हता.

"हे कसं?" मी विचारलं.

"उपग्रहांवरून त्याला आपली जागा कळते. वारा ढकलेल तितकाच तो उलटा रेटतो. पुढे जातानाही असाच कलतो. मागच्या दोन मोटारी जोरात फिरल्या, नाक खाली झालं, की निघाला."

शेतकरी स्क्रीनवरून नजर काढत नव्हता. सगळीकडे वाळलेलं पिवळं गवत दिसत होतं.

"थांब गो ताय. जरा मागं घे. त्या करवंदीच्या जाळीखाली बघ."

तिथे ओला काळा डाग होता. शेतकरी आणि त्याचा भाऊ करवत आणि पाइपचे जोड घेऊन निघाले. दुपारी वाडीतल्या टाकीच्या तोटीतून आधी नुसती हवा आली, मग लाल गढूळ पाणी.

ताईंनी बॅटरी बदलली आणि रिमोट माझ्या हातात दिला. "डावी कांडी हळूच वर."

ड्रोन माझ्या छातीएवढा वर आला.

शेतकऱ्याची बायको दारातून म्हणाली, "मिस्त्री, उडवताच हाव तर आमची कौलं बी बघा. कुठं फुटल्यात ती कळतील."

मी कांडी आणखी जरा वर सारली.